डावीकडे

रामबागेतल्या घराचा माळा रिकामा करताना
शिडीवरून खाली आला तो,
मस्कतच्या काकांनी शहाऐंशी साली आणलेला,
पावाच्या लादीसारखा फुगीर, तपकिरी,
बटणांच्या फटींत अजून शेवेचा चुरा.

टीव्हीला जोडला. चालू झाला.
निळ्या चौकटीत कर्सर लुकलुकायला लागला,
जसा काही मी मघाशीच पाणी प्यायला उठलो होतो.
कॅसेट बारा मिनिटं किंचाळली
आणि विमान आलं.

सगळं ठीक. फक्त पोर्ट नंबर एक.
वर जातं, खाली जातं, उजवीकडे जातं, गोळी सुटते.
डावीकडे नाही.

दोष शोधायची एक रीत असते.
आधी जॉयस्टिकची अदलाबदल:
एकमधली दोनमध्ये, दोनमधली एकमध्ये.
दोनमध्ये दोन्ही शहाण्यासारख्या वळल्या,
एकमध्ये दोन्ही अडल्या.
म्हणजे जॉयस्टिक निर्दोष.
म्हणजे हात निर्दोष.

इथे मी जरा थांबलो.

कारण हात मुंग्यांच्या शुभदाचा होता.
शनिवारी शाळा सुटली की यायची,
बसायची नेहमी पोर्ट एकवर.
दोन माझा. घर माझं होतं ना.
तिचं विमान उजव्या कडेला जाऊन चिकटायचं
आणि तिथेच फुटायचं.
‘हे डावीकडे वळतच नाही रे,’ ती म्हणायची,
आणि आम्ही, मी, अन्या, समोरचा गिरीश,
‘खेळता येत नाही तर तसं सांग ना!’
एकदा तिनं ती मूठ इतकी आवळून धरली
की तळहातावर रबराच्या रेघा उमटल्या.
डावात घेतलं होतं तिला,
आणि डावललंही, त्याच एका स्टुलावर.
मग यायची बंद झाली.
परीक्षा होती बहुतेक.

दुसरी पायरी, तारेचा तुकडा.
वरच्या ओळीतली तिसरी पिन, खालच्या ओळीतली तिसरी,
दोघींची क्षणभर गाठ घालून द्यायची.
दोन नंबरात विमान लगेच झुकलं.
एक नंबरात ढिम्म.

तीन स्क्रू काढले. आत धूळ, बुरशीचा वास,
एक वाळलेली पाल, बिचारी, उबेला आली असणार.
मीटरचं एक टोक पिनेवर, दुसरं चिपच्या पायावर:
मीटर बोलेना.
अंगठ्यानं सॉकेट दाबलं, टीऽऽ.
सोडलं, गप्प.

बोर्ड पिशवीत घालून जेल रोडला गेलो.
नरसिंघानीनं डोळ्याला भिंग लावलं, मग माझ्या हातात दिलं.
पिनेभोवती केसाएवढी गोल चीर,
चंद्राला खळं पडावं तशी.
दुरून अगदी धडधाकट जोड.
‘सॉकेट क्यों बदलते हो भिया, टाँका कच्चा है।
कारखाने से ही कच्चा आया होगा।’

म्हणजे पहिल्या दिवसापासून.
किंवा मीच कधी रागात वायर हिसडली असेन.
आठवत नाही.
हेही आठवत नाही, की तिची वाट बघता बघता
मी एखाद्या शनिवारी एकटाच पोर्ट एकवर खेळलो होतो का,
आणि मुकाट्यानं जॉयस्टिक काढून
दोनमध्ये लावली होती का.
मीटरला हे विचारता येत नाही.

राळेचा धूर. कथील क्षणभर पाऱ्यासारखं हललं,
चीर मिटली.

रात्री विमान डावीकडे नेलं.
पुन्हा नेलं. मग नुसतं नेत राहिलो.
त्या कडेला काही नव्हतं खास,
काळं आकाश, चार-दोन ठिपके.

शुभदा उज्जैनला असते. नंबर अन्यानं दिला.
लिहिलं: पोर्ट खराब होता.
दोन निळ्या खुणा. बराच वेळ काही नाही.
मग आलं, ‘कुठला पोर्ट?’

एक नंबर, असं लिहिलं.
खोडलं.
तुझा, असं लिहिलं.